मलकापूर : गड पाडला गेला, कागदांचे काय?

१/ इ. स. १८४४. कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड झाले आणि विशाळगडही त्यात ओढला गेला. बंड मोडल्यावर इंग्रजांनी गडाची तटबंदी पाडली. विशाळगडकर पंतप्रतिनिधींचे ठाणे मलकापुरास हलले.

२/ जहागिरीचे ठाणे म्हणजे दप्तर आलेच : सनदा, महजर, जमाखर्च, पत्रव्यवहार. शिवाय इनामदार-कुलकर्ण्यांच्या घरी रुमालांत बांधलेले मोडी कागद निराळे. आंबा घाटालगतच्या या मुलखात पाऊस धो धो कोसळतो. कागदाचे वैरी दोन : ओल आणि वाळवी.

३/ हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राचा होता. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून कागद मिळवत राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे खंडांची संख्या २२ झाली. मूळ कागद हरवला, तरी छापील मजकूर उरावा, ही त्यामागील दृष्टी. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि एकट्याच्या ध्यासाला संस्थेचे बळ मिळाले.

४/ कोल्हापूरचा वाटाही मोठा. सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातील पहिला कायदा याच संस्थानाने १९४५ साली केला. महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ साली.

५/ छापील खंडाला मात्र एक मर्यादा होती : वाचन बरोबर की चूक, हे मूळ कागद पाहिल्यावाचून ठरत नसे. विकिस्रोतासारख्या सामूहिक डिजिटल ग्रंथालयात पानाची प्रतिमा आणि मजकूर शेजारी-शेजारी असतात. एकाने तपासलेले पान पिवळे, दुसऱ्याने पुन्हा पडताळलेले हिरवे. चूक कोणालाही दाखवता येते, सुधारताही येते.

६/ संग्रह उभारणे त्या मानाने सोपे; तो टिकवणे अवघड. स्कॅनर महिनाभरात काम उरकतो, पण कागद कोणत्या घरचा, कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, ही नोंद नसेल तर प्रतिमा मुकी राहते. एकाच संगणकातली एकच प्रत म्हणजे पुन्हा एकच रुमाल. म्हणून प्रती निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या संस्थांकडे हव्यात. घरमालकाची संमती हवी आणि दरवर्षी तपासणीही.

७/ सर्वांत दुर्मीळ साधन मात्र यंत्र नव्हे, मोडी वाचणारा माणूस. गावच्या वाचनालयात दोघे-तिघे जरी मोडी शिकले, तरी घरोघरचे रुमाल उघडू लागतील. प्रतिमा साठत गेल्या आणि वाचणारेच उरले नाहीत, तर कागद वाचतील. इतिहास वाचणार नाही.