ब्रेकांचें मोल

गेल्या महिन्यांत आमच्या लहानशा गाडीचे ब्रेक बदलावे लागले. पुढच्या चाकांचे पॅड, मागच्या चाकांचे शू, तेल आणि मजुरी मिळून सहा हजार चारशें रुपयांचें बिल हातीं पडलें, तेव्हां आमच्या तोंडून साहजिकच कुरकुर बाहेर पडली. गाडी चालविण्यासाठीं खर्च करावा हें मनाला पटतें; ती थांबविण्यासाठीं इतका खर्च व्हावा हें सहसा पटत नाहीं. आमची समजूत घालावी म्हणून मेकॅनिकनें नव्या पॅडांचा रिकामा खोका पुढें केला. त्यावर ठळक अक्षरांत ‘ॲसबेस्टॉसरहित’ असें छापलेलें होतें. हें कशासाठीं, असें विचारतां त्याला सांगतां आलें नाहीं. एखाद्या वस्तूवर तिच्यांत काय आहे हें लिहिण्याची रीत आहे. तिच्यांत काय नाहीं हें ज्या वस्तूवर आवर्जून लिहावें लागतें, तिच्या पूर्वचरित्रांत कांहीं तरी घडलेलें असलें पाहिजे. तें चरित्र शोधावयास आम्ही बसलों, आणि बिलाची कुरकुर बाजूला राहिली.

ब्रेक गतीचा नाश करीत नाहीं, तिची उष्णता करतो. हजार किलो वजनाची गाडी ताशीं साठ किलोमीटर वेगावरून थांबविली, तर तिच्या चाकांपाशीं जी उष्णता निर्माण होते तिनें दोन-तीन कप चहाचें पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट झाला कीं ही उष्णता चौपट होते. ती क्षणार्धांत अंगावर घ्यावयाची आणि पुन्हां पुढच्या वळणासाठीं तयार राहावयाचें, हें ज्या पदार्थाचें काम, त्याचें आयुष्य झिजण्यांतच जावयाचें. ब्रेकचा सारा इतिहास म्हणजे झिजण्यास योग्य अशा पदार्थाचा शोध होय.

सह्याद्रीच्या घाटांतून जाण्यायेण्याची संवय असलेल्या वाचकांस हा प्रश्न निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं. १८३० सालीं सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. तोंपर्यंत देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून कोंकणांत उतरत असे, आणि पाठीवरच्या मालाला ब्रेक लागत नाहीं. चाक आलें, तशी उताराची भीति आली. पुढें १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली; तेथें तर निसटलेली गाडी चढावर वळवून थांबवावी म्हणून निराळे रूळ टाकून ठेवावे लागले. थांबण्याचा खर्च चालण्याच्या खर्चाहून फारसा कमी नसतो, हें आमच्या आजे-पणज्यांनीं पाहिलेलें होतें.

मोटारीला हा धडा तिच्या जन्मानंतर लवकरच मिळाला. १८८८ सालच्या ऑगस्टमध्यें जर्मनींतील मानहाइम गांवाहून बेर्टा बेन्झ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगतां, त्यानेंच बनविलेल्या तीन चाकी गाडींतून फोर्त्सहाइम येथें माहेरीं निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून कांहींसें अधिक. या प्रवासाच्या कथा युरोपांत आवडीनें सांगितल्या जातात: वाटेंत औषधाच्या दुकानांतून इंधन घेतलें, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनें मोकळी केली, इत्यादि. आम्हांस त्यांतील सर्वांत मोलाचा प्रसंग उताराचा वाटतो. गाडीचे ब्रेक म्हणजे लांकडी ठोकळे. ते झिजून निकामी होऊं लागले. तेव्हां बाईंनीं बाउश्लोट या खेड्यांतील मोच्याकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. मोटारीच्या इतिहासांतील ब्रेकची ही बहुधा पहिलीच दुरुस्ती, आणि ती एका मोच्यानें केली! ज्यानें मोटार बनविली त्या विद्वान् गृहस्थाला जें सुचलें नव्हतें, तें घर सांभाळणाऱ्या स्त्रीला सुचलें. ज्या घरांत जोडे वर्षानुवर्षें तळ बदलून वापरले जातात, तेथें झिजणारी वस्तु कशी राखावी हें कोणाला शिकवावें लागत नाहीं.

यानंतर नऊ वर्षांनीं इंग्लंडांतील डर्बीशर परगण्यांत जवळजवळ हीच गोष्ट पुन्हां घडली. तेथील डोंगराळ रस्त्यांवर गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्यांना जुन्या बुटांचें चामडें लावीत. हर्बर्ट फ्रूड नांवाच्या एका कल्पक माणसानें तें पाहिलें, आणि १८९७ सालीं कूम्स या खेड्यांत अधिक टिकाऊ अस्तराचे प्रयोग सुरू केले. आपल्या आडनांवाच्या अक्षरांत पत्नी एलिझाबेथ हिचें आद्याक्षर मिळवून त्यानें ‘फेरोडो’ हें नांव तयार केलें. तें आजहि ब्रेकच्या खोक्यांवर दिसतें. आरंभीचीं अस्तरें सुती पट्ट्यांचीं होतीं. घोड्याच्या गाडीला तीं पुरेशीं होतीं. मोटारीच्या उष्णतेपुढें सूत करपूं लागलें. तेव्हां १९०८ च्या सुमारास फ्रूड ॲसबेस्टॉसकडे वळला.

इतर सुधारणांचा वृत्तांत मनोरंजक आहे, पण येथें तो थोडक्यांत आटोपतों. चारी चाकांना ब्रेक असावेत ही आज उघड वाटणारी गोष्ट लोकांच्या गळीं उतरावयास १९२० नंतरचीं कांहीं वर्षें लागलीं; पुढचीं चाकें अडविलीं तर गाडी उलटेल, अशी समजूत होती. ज्यांनीं असे ब्रेक बसविले त्यांतले कित्येक मागून येणाऱ्यास सावध करण्यासाठीं गाडीच्या पाठीवर तशी पाटी लावीत, कारण यांची गाडी चट्कन थांबे आणि मागच्याची थांबत नसे. तेलाच्या दाबानें चालणारे ब्रेक माल्कम लॉकहीडच्या कल्पनेंतून आले आणि १९२४ सालीं क्रायस्लरच्या गाड्यांतून सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोंचले. हेन्री फोर्ड मात्र १९३९ च्या मॉडेलपर्यंत यांत्रिक ब्रेकांनाच चिकटून राहिले. थोर माणसांच्या हट्टाची किंमतहि बहुधा इतरांनाच मोजावी लागते. या सर्व सुधारणांत दाब देण्याची रीत बदलली. झिजणारें अस्तर मात्र ॲसबेस्टॉसचेंच राहिलें.

हा पदार्थ विलक्षण खरा. आहे खडक, पण कापसासारखा पिंजतां येतो, त्याचें सूत काततां येतें, कापड विणतां येतें, आणि तें कापड सहजासहजीं जळत नाहीं. लँकेशरमधील रॉचडेल हें गांव मूळचें कापसाच्या गिरण्यांचें. तेथील टर्नर ब्रदर्स या कंपनीनें या दगडाला कताई-विणाई लावली. तिच्या कारखान्यांत नेली केर्शॉ ही स्त्री ॲसबेस्टॉसचें सूत काढीत असे. ती बाराव्या वर्षीं गिरणींत लागली होती. १९२२ सालीं तिला काम झेपेनासें झालें, आणि ‘ॲसबेस्टॉसची विषबाधा’ असा दाखला डॉक्टरनें दिला. यानंतर जें घडलें तें कचेऱ्यांचा अनुभव असलेल्या वाचकांस अपरिचित वाटूं नये. रोग धंद्यांतून आलेला आहे म्हणून आजाराच्या विमा-संस्थेनें पैसे नाकारले. आणि असा रोग कायद्याच्या यादींत नाहीं, किंबहुना असा रोगच नाहीं, म्हणून कंपनीनें भरपाई नाकारली. १४ मार्च १९२४ रोजीं ती वारली. वय तेहतीस, मागें नवरा व एक मुलगी. अंत्यविधीचा खर्च द्यावा ही विनंतीहि कंपनीनें अमान्य केली, कारण एकदां दिला तर पायंडा पडेल. रॉचडेलच्या दफनभूमींत तिला निर्धनांच्या जागेंत, नांवाचा दगड न लावतां, पुरण्यांत आलें.

तिनें काढलेलें सूत ब्रेकच्याच अस्तरांत गेलें असें आमचें म्हणणें नाहीं. त्या सुताच्या दोऱ्या होत, वेष्टनें होत, पडदे होत. पण ज्या कताईवर ब्रेकचें विणलेलें अस्तर उभें होतें, ती हीच. फ्रूडची फेरोडो कंपनीहि पुढें टर्नरांच्याच उद्योगसमूहांत सामील झाली. विल्यम कुक या डॉक्टरनें तिच्या फुप्फुसांची तपासणी करून त्यांत दगडाचे कण दाखविले, आणि १९२७ सालीं या रोगाला नांव दिलें. नांव मिळाल्यावर सरकार जागें झालें. मेरेवेदर व प्राइस यांच्या १९३० च्या अहवालांत ३६३ कामगारांची तपासणी आहे. त्यांपैकीं ९५ जणांचीं फुप्फुसें या धुळीनें कठीण झालेलीं आढळलीं. १९३१ सालीं नियम झाले. परंतु ते कारखान्यांतील ठरावीक कामांपुरते होते. तयार अस्तर गाडीला बसविणारा, झिजलेलें काढून आंतील धूळ झटकणारा गॅरेजमधील कारागीर त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला.

त्या कारागिरापर्यंत कायदा फार सावकाश पोहोंचला. अमेरिकेंत १९८९ सालीं केलेली बंदी १९९१ सालीं न्यायालयांत बव्हंशीं रद्द झाली. ब्रेकांसह या पदार्थाचा वापर थांबविण्याचा नवा नियम तेथें २०२४ सालीं निघाला. ब्रिटनमध्यें संपूर्ण बंदी १९९९ ची. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं असा आदेश दिला कीं, या धंद्यांतील प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षें, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षें, ठेवावी. चाळीस वर्षें कशासाठीं, तर हा रोग तितका काळ अंगांत दडून राहूं शकतो. अस्तर चार वर्षांत झिजतें; त्याची धूळ छातींत राहते.

हें सर्व वाचल्यावर परवां आम्ही पुन्हां त्या गॅरेजवर गेलों. हँडब्रेक थोडा सैल वाटत होता, हें निमित्त. आमच्या शेजारीं एक जुनी जीप उभी होती. तिचें मागलें चाक काढलेलें, आणि विशीच्या आंतला एक मुलगा हवेच्या नळीनें ड्रममधील काळी भुकटी उडवीत होता. त्याच्या भुंवया व ओंठ राखेनें माखले होते. त्या जीपला कोणत्या सालचें, कोणत्या खोक्यांतलें अस्तर होतें हें त्याला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. नळीऐवजीं ओलें फडकें घे, नाकाला कांहीं बांध, असें आम्हीं सांगितलें. तो हंसून म्हणाला, “काका, फडक्यानं अर्धा तास जाईल. मालक मजुरी तेवढीच लावतात.” मग आमचा मान राखावा म्हणून त्यानें खिशांतला रुमाल काढून तोंडाला बांधला, आणि पुढच्या चाकाकडे वळला.