उदरांतील प्रतिध्वनि

जठराच्या मागें, पाठीच्या कण्यापुढें स्वादुपिंड दडलेलें आहे. त्याचा दाह वर्षानुवर्षें चालला म्हणजे पोटांत पाठीपर्यंत जाणारी कळ येते, अन्न पचत नाहीं, पुढें मधुमेहहि जडतो. परंतु डॉक्टरांचा हात तेथवर पोंचत नाहीं. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत खडे दिसतात, पण ते बहुधा दुखणें मुरल्यावर.

येथें कानास ऐकूं न येणारा ध्वनि कामास आला. १८८० सालीं क्यूरी बंधूंनीं स्फटिक दाबल्यास त्यांतून वीज उत्पन्न होते हें दाखविलें. पहिल्या महायुद्धांत प्येर क्यूरींचे शिष्य लांजव्हँ यांनीं अशाच स्फटिकांच्या साह्यानें पाणबुड्यांचा माग काढण्याची युक्ति शोधिली. १९५८ सालीं ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उदरांतील गांठींचीं ध्वनिचित्रें ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केलीं. आज घरोघरीं ठाऊक असलेली सोनोग्राफी ती हीच.

तथापि आंतड्यांतील वायु ध्वनीची वाट अडवीत असे. म्हणून १९८० च्या सुमारास दुर्बिणीच्या टोंकाशींच ध्वनियंत्र बसवून तें रोग्याच्या जठरांत उतरविण्यांत आलें. तेथून रुंदावलेली नलिका, खडे व ग्रंथींतील बारीक रेषा जवळून दिसूं लागल्या. २००९ सालीं या खुणांची मोजदाद करणारे ‘रोझमाँट निकष’ प्रसिद्ध झाले.

मात्र वार्धक्य, धूम्रपान व मद्यपान यांमुळेंहि तशाच रेषा उमटूं शकतात. म्हणून केवळ तेवढ्यावरून कोणास आजन्म रोगी ठरवूं नये. आणि चित्र स्वच्छ आलें म्हणून रोग्याची वेदनाहि खोटी मानूं नये. प्रतिध्वनीबरोबर रोग्याचें म्हणणेंहि ऐकणें अवश्य आहे.