नाणेघाटाची वाट

पावसाळ्यात वैशाखऱ्याहून नाणेघाट चढणाऱ्यांची रीघ लागते; वाऱ्याने वर उसळणारा उलटा धबधबा पाहायचा असतो. मला मात्र पायाखालच्या दगडी वाटेचं वेड. सुमारे २००० वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणातल्या बंदरांचा माल याच खिंडीतून जुन्नरला चढत होता. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांमागून यज्ञ, आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी! त्यातले अंक भारतातल्या फार जुन्या अंकांपैकी. १८२८ मध्ये विल्यम साइक्सने या लेखाची नोंद केली. वरचा दगडी रांजण जकातीचा, असं आम्ही जुन्नरकर ऐकत आलो. कातळात खोदलेल्या टाक्यांत अजून पाणी साठतं. त्यात कुणी चिखलाचे बूट धुतले की माझा जीव तुटतो.