जोडणे सोपे, काढणे अवघड : सॉफ्टवेअरच्या सुट्या भागांचा इतिहास

सॉफ्टवेअरच्या इतिहासात जोडणीच्या गोष्टी भरपूर सांगितल्या जातात, काढून घेण्याच्या फार कमी. एखादा भाग तयार झाला, जोडला, चालू केला, इथपर्यंत सगळे उत्साहाने बोलतात. तो थांबवायचा कसा, हटवायचा कसा आणि त्याच्या आधाराने चालणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मागे पडतो. माझ्या मते मॉड्यूलचा खरा इतिहास या मागे पडलेल्या प्रश्नातच आहे.

सुरुवात १९६८ची. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील गार्मिश इथे ‘नाटो’च्या पुढाकाराने सॉफ्टवेअरवर परिषद भरली. कारखान्यात सुटे भाग बनतात तसे सॉफ्टवेअरचेही तयार भाग मिळावेत, अशी मागणी बेल लॅब्जचे डग्लस मॅकिलरॉय यांनी तिथे केली. चार वर्षांनी, १९७२मध्ये, डेव्हिड पारनास यांनी हे भाग पाडायचे कसे यावर निबंध लिहिला. पुढे बदलण्याची शक्यता असलेला निर्णय एकाच भागाच्या आत झाकून ठेवा, म्हणजे तो बदलला तरी शेजारच्या भागाला धक्का लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

भाग मागितले गेले, त्यांच्या सीमाही आखल्या गेल्या. पण यंत्र चालू असताना एक भाग काढून दुसरा बसवायचा असेल तर? १९९९मध्ये स्थापन झालेल्या ओएसजीआय या संघटनेपुढे हा प्रश्न होता. घराघरांत बसवायच्या नेटवर्कच्या उपकरणांसाठी तिला जावा भाषेतील व्यवस्था उभी करायची होती. एक सेवा बदलायची म्हणून संपूर्ण उपकरण बंद ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून प्रत्येक भागाच्या, म्हणजे ‘बंडल’च्या, सहा अवस्था ठरल्या : बसवलेला, गरजा भागलेला, सुरू होत असलेला, कार्यरत, थांबत असलेला आणि हटवलेला. यातल्या शेवटच्या दोन निरोपाच्या आहेत, हे लक्षात घ्यायला हवे. बंडल थांबले की त्याच्या सेवा नोंदीतून निघतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवून असलेल्या इतर भागांना तशी सूचना जाते. २००४मध्ये आलेल्या एक्लिप्स ३.०ने हीच व्यवस्था स्वीकारली. लिनक्सच्या कर्नलचा उपाय आणखी साधा आहे. मॉड्यूल किती जण वापरत आहेत याची मोजणी ठेवली जाते. ती शून्यावर आल्याशिवाय ते एरवी काढता येत नाही.

एका यंत्राच्या आत ही शिस्त पाळता आली. पण सुटे भाग इंटरनेटवरच्या सामायिक कोठारात गेले आणि वापरणारे कोण, किती, हे खुद्द लिहिणाऱ्यालाही कळेनासे झाले.

२२ मार्च २०१६ रोजी याचा प्रत्यय आला. जावास्क्रिप्टचे भाग ठेवणाऱ्या ‘एनपीएम’ कोठाराशी एका नावावरून वाद झाल्यावर अझेर कोचुलू या प्रोग्रामरने आपली २७३ पॅकेजेस काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक होते. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्ये भरणे एवढेच त्याचे काम. पण बाबेलसारखी मोठी साधने साखळीने त्याच्यावर उभी होती आणि जगभर कामे अडली. सुमारे अडीच तासांत कोठाराने ते परत आणले. त्या वेळी नियम बदलला : २४ तास उलटल्यावर पॅकेज परस्पर काढता येणार नाही, असे तेव्हा ठरले. लेखकाचा हक्क आणि वापरणाऱ्यांचा आधार यांत कोठाराने आधाराला झुकते माप दिले. हा निर्णय मला व्यवहार्य वाटतो. मात्र फुकट दिलेल्या वस्तूवरचा लेखकाचा ताबा त्याने कमी झाला, हेही मान्य करायला हवे.

याच्या उलट उदाहरण ‘लॉगफोरजे’चे. नोंदी ठेवणाऱ्या या भागात २०१३मध्ये एक सोय आली. ती देखभाल करणाऱ्यांनाही नकोशी होती, पण जुन्या वापरकर्त्यांचे काम मोडू नये म्हणून ठेवली गेली. डिसेंबर २०२१मध्ये त्याच वाटेने परक्याला यंत्रावर आपला कोड चालवता येतो, हे जाहीर झाले आणि जगभर धावपळ उडाली. दुरुस्तीचा भार उचलणारे बहुतांश स्वयंसेवक होते. लेफ्ट-पॅड अवेळी गेले, ही सोय वेळेवर गेली नाही.

तिसरी वाट अपाची फाउंडेशनने २००८मध्येच काढली होती. देखभालीला माणसे उरली नाहीत, की प्रकल्प ‘अ‍ॅटिक’मध्ये, म्हणजे माळ्यावर, जातो. कोड वाचायला मिळतो. पण नवी आवृत्ती निघणार नाही, असे तिथे उघड लिहिलेले असते. वापरणाऱ्याला निदान आपण कुठे उभे आहोत हे कळते.

आज बँक, दवाखाना, रेशनचे दुकान, सगळे अशा सुट्या भागांवर चालते. एखादी संस्था नवे सॉफ्टवेअर घेते तेव्हा ते काय काय करते, एवढेच विचारले जाते. त्यातले भाग कोण सांभाळतो आणि त्याने सांभाळणे थांबवले तर आपल्याला कोण कळवणार, हे दोन प्रश्नही त्याच बैठकीत विचारले पाहिजेत.