छप्पनियातली पोर

ताटात भाकरीचा तुकडा उरला, की आजी एवढंच म्हणायची, "छप्पनियो आठवा." संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा तो दुष्काळ आजीनंही पाहिला नव्हता. पाहिला होता तिच्या आईनं, आमच्या पणजीनं. ती बडोदे संस्थानातल्या पादरा कसब्याच्या बाजूची. गावाचं नाव तिला सांगता यायचं नाही. मही नदी लांब नव्हती आणि बाजाराला पादऱ्याला जात, एवढीच तिची खूण.

गुजरात म्हणजे सुकाळाचा मुलूख. असा दुष्काळ तिथल्या म्हाताऱ्यांनीही पाहिलेला नव्हता, म्हणून उपाशी राहायची तयारीही कुणाची नव्हती. 1899 चा पाऊस दगा देऊन गेला. आधी चारा संपला, गुरं मेली. मग माणसं. पुढच्या उन्हाळ्यात पटकी आली. सयाजीराव महाराजांच्या सरकारनं दुष्काळी कामं काढली, पण संकट त्याहून मोठं होतं. 1891 साली चोवीस लाखांवर असलेली बडोदे संस्थानची वस्ती 1901 च्या खानेसुमारीत साडेएकोणीस लाखांवर आली. पणजीचे आईबाप आणि धाकटा भाऊ त्या तुटीत गेले.

त्या दिवसांत मिशनची माणसं अनाथ मुलं गोळा करत होती. बडोद्यात मेथडिस्ट होते, महीपलीकडे बोरसदच्या बाजूला आयरिश प्रेस्बिटेरियन. पणजी मात्र गेली थेट पुणे जिल्ह्यात, केडगावला. तिथं मुक्ती मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी आपल्याकडच्या बायका गुजरातेत मुली शोधायला धाडल्या होत्या. लुगडं नेसलेली, परक्या बोलीत बोलणारी बाई जवळ आली तेव्हा पणजी भ्यायली. "पळायला पायांत जोर नव्हता, म्हणून वाचले," असं ती हसत सांगायची, म्हणे.

रमाबाईंना या मुलींची भूक समजावून सांगायची गरज नव्हती. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात मद्रास इलाख्यात भटकताना त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली होती. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही संस्कृत पढलेली मुलगी तेव्हा रानातला पाला खाऊन जगली. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आतच नवरा गेला. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं, ते आपण जाणतोच. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही रमाबाईंच्या शारदासदन या शाळेपासून दूर झाले. तो वाद निव्वळ आकसाचा नव्हता. आपली मुलगी परक्या धर्मात जाईल, ही धास्ती खरी होती. पण महीकाठच्या त्या पोरीवर हक्क सांगायला तेव्हा तिथं कुणी उभं नव्हतं, हेही तितकंच खरं.

1897 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या मुली आणल्या, तेव्हा पुण्यात प्लेग होता. शहरात एवढ्या मुली ठेवायला मनाई झाली, आणि केडगावच्या शेतावर मुक्तीचा संसार उभा राहिला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत गुजरातच्या मुली आल्या आणि माणसं दोन हजारांच्या घरात गेली. ठरलेलं उत्पन्न नव्हतं. उद्याचं धान्य उद्या येईल, असं म्हणून गुडघे टेकायचे आणि उठून कामाला लागायचं, ही बाईंची रीत. प्रार्थना होती तसे मागही होते, शेती होती, छापखाना होता, आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवणं होतं.

पणजी विणायला शिकली, मराठी शिकली, तिथंच ख्रिस्ती झाली. आजीनं एकदा तिला विचारलं, "तुला येशू कधी पटला?" पणजी म्हणाली, "आधी भाकरी पटली. बाई आमच्यातच जेवतात हे पाहिलं, मग बाकीचं." पुढे तिनं दोन लेकरं पुरली, नवरा लवकर गेला. दर वेळी चार दिवसांत ती मागावर बसली. लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणत. आजी म्हणायची, रात्री ती रडायची आणि प्रार्थना करायची, आणि ती प्रार्थना गुजरातीतच असायची.

बाईंची शेवटची कसोटी 1921 ची. एकुलती लेक मनोरमा, जिच्या हाती सगळं सोपवायचं, तीच जुलैत गेली. रमाबाई मराठी बायबलच्या भाषांतराकडे परतल्या, ते काम पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. ही हकिगत आमच्या घरात ओवीसारखी सांगितली जाई.

श्रद्धेनं पणजीचं एकही मरण टळलं नाही. मरणानंतरच्या सकाळी उठायचं कसं, ते मात्र तिला श्रद्धेनं शिकवलं. मला तरी धैर्याचा याहून मोठा अर्थ ठाऊक नाही. छप्पनियातल्या हजारो मुलींची नावं कुठल्याही इतिहासात नाहीत. असतील तर कुणाच्या तरी आजीच्या तोंडी. तुमच्या घरी अशी आजी असेल तर आजच विचारा, आणि लिहून ठेवा.