मिठाला जागलेली हरणं

फोनवर अमेरिकेचा नकाशा उघडा आणि केंटकी, इंडियाना या राज्यांवर जरा झूम करा. बिग बोन लिक, ब्लू लिक्स, फ्रेंच लिक अशी चमत्कारिक नावं दिसतील. लिक म्हणजे चाटणं. या जागी जमिनीतून खारट पाणी वर येतं, आणि माणसाने नकाशे काढायच्या कितीतरी आधीपासून जनावरं तिथली माती चाटायला येत होती. बिग बोन लिकच्या चिखलात तर मॅस्टोडॉनची हाडं सापडली. ती खणून काढायला राष्ट्राध्यक्ष जेफरसनने 1807 मध्ये विल्यम क्लार्कला धाडलं होतं.

झाडपाल्यात सोडियम फार थोडं असतं. वसंतातला कोवळा पाला पाणीदार आणि पोटॅशियमने भरलेला. तो खाल्ला की अंगातलं आहे तेवढं मीठही लघवीवाटे जातं. नेमक्या त्याच दिवसांत नराची शिंगं वाढत असतात, आणि थोड्याच आठवड्यांत मादीला पाडसाला पाजायचं असतं. एरवी पान हललं तरी उधळणारं हरीण मग मिठासाठी धोका पत्करतं. शिकाऱ्याला एवढं कळलं की पुरे.

मीठ माणसालाही हवंच होतं. डॅनियल बून हा हरणांच्या कातड्यांवर पोट भरणारा नामांकित शिकारी. फेब्रुवारी 1778 मध्ये त्याचे सोबती ब्लू लिक्सला खारं पाणी उकळून मीठ काढत होते आणि बून त्यांच्या जेवणासाठी शिकार शोधत हिंडत होता. तेवढ्यात शॉनी योद्ध्यांनी त्यालाच पकडलं. ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकारीची भूमी. घुसखोर कोण, हे सांगायला नकोच.

नैसर्गिक लिक प्रत्येकाच्या रानात थोडंच असणार? म्हणून घरगुती लिक आलं. गुरांसाठीचं जाडं मीठ, खनिज मीठ आणि डायकॅल्शियम फॉस्फेट बादलीत कालवायचं आणि कुजक्या बुंध्यावर ओतायचं. पाऊस पडला की ते लाकडात मुरतं आणि हरणं बुंधासुद्धा कुरतडतात. कुणी त्यात काकवी घालतं, कुणी पीनट बटर, कुणी सफरचंदं, कुणी चक्क स्ट्रॉबेरी जेलीची पावडर. लोणच्याच्या मसाल्यासारखंच हे: प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. माजाच्या दिवसांत मिठापेक्षा वास चालतो. मारलेल्या नराच्या मागच्या पायावरची ग्रंथी कापून फांदीला टांगायची किंवा मादीचं मूत्र शिंपडायचं. हे वाचून तुम्ही नाक मुरडलं असेल, पण यात हरणाच्या स्वभावाचा बारीक अभ्यास आहे, हे मान्य करावंच लागतं.

आमिष दाखवून मारणं ही शिकार की फसवणूक, हा वाद तिकडे जुनाच आहे. आपल्याकडे तो कायद्याने मिटवला: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष लावणं हेसुद्धा शिकारीच्याच व्याख्येत बसतं. गंमत म्हणजे काही अभयारण्यांत वनखातं स्वतः मीठ ठेवतं, अर्थात हरणांच्या पोषणासाठी.

अमेरिकेतला वाद मात्र भलत्याच दिशेने वळला. 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रातली हरणं झिजू लागली. बरगड्या वर येत, तोंडातून लाळ गळे, आणि ती मरत. हा मेंदूची चाळण करणारा रोग आहे, हे 1978 पर्यंत उमगलं. तो पसरतो तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे. लाळ, मूत्र, विष्ठा यांतून ते बाहेर पडतं, मातीला चिकटून वर्षानुवर्षं टिकतं आणि शिजवूनही मरत नाही. औषध नाही, लस नाही.

आता तो बुंधा आठवा. गावभरची हरणं एकाच जागी जीभ लावतात, लाळ गाळतात आणि तीच माती खातात. 2002 मध्ये हा रोग विस्कॉन्सिनमध्ये आढळला. पुढे तिथल्या खनिज चाटणांच्या मातीत संशोधकांना प्रायॉन सापडलेही. अनेक राज्यांनी आमिषावर बंधनं घातली. व्हरमाँट, व्हर्जिनिया यांनी तर खऱ्या मूत्राच्या बाटल्यांवरही बंदी आणली. ज्यांच्या आजोबांनी बुंधा दाखवला होता, त्यांना हे सरकारी ढवळाढवळ वाटलं. राग समजू शकतो, पण या भांडणात मी मातीच्या अहवालाच्या बाजूने आहे.

माणसाला हा रोग झाल्याचं अजून आढळलेलं नाही. तरीही रोगग्रस्त भागातले कित्येक शिकारी आता हरणाचं डोकं तपासणीला देतात आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये तसंच ठेवतात.