जपानचे सणवार आणि तेथील मराठी बिऱ्हाड

उलवे, प्रतिनिधी : उलव्याजवळ उतरणाऱ्या अटल सेतूसाठी जपानच्या ‘जायका’ या संस्थेने कर्ज दिले. त्या सेतूचे उद्‌घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. माणसांचा ओघ मात्र उलट दिशेचा आहे. २००० च्या सुमारास भारतीय संगणक अभियंते मोठ्या संख्येने तोक्योस जाऊ लागले आणि एदोगावा विभागातील निशी-कासाई येथे त्यांची वस्ती वाढली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या विभागसभेवर निवडून आले. तेथे बिऱ्हाड करणाऱ्यास भाषेखालोखाल अडचण येते ती दिनदर्शिकेची.

तिथी नव्हे, तारीख

जपानने १८७३ मध्ये चांद्र-सौर पंचांग सोडून ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली. त्यामुळे तेथील बहुतेक सण तारखेला बांधले गेले. आपले गणपती-दिवाळी तिथीप्रमाणे सरकतात. तेथे वर्षाला १६ राष्ट्रीय सुट्ट्या असतात. त्यांत आपला एकही सण नाही. लक्ष्मीपूजन कामाच्या दिवशी आले तर रजा टाकावी लागते आणि एकत्र फराळ शनिवार-रविवारवर जातो. सुट्टी रविवारी आली, तर त्यापुढील कामाचा दिवस भरपाईची सुट्टी म्हणून मिळतो.

वर्षाचा क्रम

नववर्ष : ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बौद्ध मंदिरांत १०८ घंटानाद होतात. राष्ट्रीय सुट्टी १ जानेवारीचीच. पण ३ जानेवारीपर्यंत बहुतेक कचेऱ्या व दवाखाने बंद असतात. औषधे आधीच आणून ठेवावीत. वर्षअखेरीस ‘सोबा’ खातात. त्याच्या रश्शात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो, हे शाकाहारींनी ध्यानी ठेवावे.

७ जानेवारी : तोक्योतील आसाकुसा भागात मात्सुचियामा शोदेन हे मंदिर आहे. तेथील दैवत ‘कांगितेन’ हे गणपतीचेच जपानी रूप. त्यास मोदकाऐवजी पांढरा मुळा वाहतात आणि या दिवशी मुळ्याचा उत्सव भरतो.

सेत्सुबुन : साधारण ३ फेब्रुवारीस भाजलेले सोयाबीन फेकून घरातील इडापिडा घालवितात.

गोल्डन वीक : २९ एप्रिल आणि ३ ते ५ मे या सुट्ट्या जवळजवळ येतात. प्रवास महागतो, मायदेशी यायचे तर तिकीट कित्येक महिने आधी काढावे.

ओबोन : बहुतेक भागांत १३ ते १६ ऑगस्ट, तोक्योत काही ठिकाणी जुलैमध्ये. पूर्वज घरी येतात या श्रद्धेने दिवे लावतात, थडगी धुतात. ही राष्ट्रीय सुट्टी नाही, तरी अनेक कंपन्या बंद राहतात. आपल्या पितृपक्षाशी साम्य स्पष्ट आहे. फरक इतकाच, की तेथे पितरांच्या स्वागतार्थ चौकात फेर धरून नाचतात. वडिलांच्या श्राद्धास गावी पोहोचू न शकणाऱ्याला शेजाऱ्याचा तो दिवा परका वाटत नाही.

चंद्र मात्र एकच

‘त्सुकिमी’ म्हणजे चंद्रदर्शन. हा उत्सव आजही जुन्या पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पंधराव्या रात्री होतो. तांदळाच्या पिठाचे गोळे आणि गवताचे तुरे चंद्रापुढे मांडतात. तो कोजागरीच्या महिनाभर आधी येतो. पण कधी दोन्ही जुळतात. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी तसे जुळले होते. त्या रात्री आटीव दुधाची वाटी शेजारी नेऊन द्यावयास वेगळे निमित्त लागले नसते.